पायलटचं लायसन्स मिळेल, पण नोकरी पक्की असते का?

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी दारावर टकटक झाली. उघडून पाहते तर आमच्या शाळेतून दहावी झालेल्या एका मुलीचे अब्बा आणि अम्मी. मुलगी आता बारावी सायन्सला आहे, गणित-फिजिक्स चांगलं आहे. अब्बांचा रावेर भागातून केळीच्या गाड्या भरून उत्तरेला पाठवण्याचा धंदा. थोडी शेती, एक जुना ट्रक, तीन मुलं. थोरला मुलगा आयटीआय करतोय, ही मधली, धाकटी आठवीत.

अब्बांच्या हातात वर्तमानपत्राची घडी होती. डिसेंबरच्या सुरुवातीला इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, विमानतळांवर लोक बॅगांवर डोकं ठेवून झोपले, ते सगळं आपण टीव्हीवर पाहिलंच. कारण सांगितलं गेलं ते असं की पायलटांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले आणि पायलट कमी पडले. अब्बा म्हणाले, "मॅडम, देशात पायलटच नाहीत असं छापून आलंय. आमची बेटी आठवीपासून पायलट व्हायचं म्हणते. दोन एकर विकतो आणि पाठवतो. तुम्ही फक्त कुठलं कॉलेज चांगलं ते सांगा."

अम्मी इतका वेळ गप्प होत्या. चहाचा कप खाली ठेवून त्या एवढंच म्हणाल्या, "मॅडम, नोकरी पक्की असते का?"

त्या प्रश्नाचं उत्तर मी त्या दिवशी दिलं नाही. चार दिवस मागितले. माहिती काढली, एका जुन्या विद्यार्थ्याशी फोनवर तासभर बोलले, मग त्यांना परत बोलावलं. त्यांना जे सांगितलं तेच या महिन्यात तुमच्यासमोर ठेवते, कारण हा प्रश्न आता एका घरापुरता राहिलेला नाही. अमरावतीला विमानतळ सुरू झाला, जळगावहून विमानं उडतात, कोल्हापूरच्या उद्योगसमूहाची स्वतःची विमान कंपनी आहे. आपल्या मुलांच्या डोक्यावरून रोज विमान जातं. ते चालवायचं स्वप्न त्यांना पडणारच.

आधी वाट समजून घ्या

बारावी फिजिक्स आणि गणित घेऊन पास, वय अठरा पूर्ण, आणि शरीर निरोगी, एवढ्यावर कमर्शियल पायलट लायसन्ससाठी सुरुवात करता येते. हे लायसन्स डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देतं. त्यासाठी हवाई मार्गशोधन, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि विमानाची तांत्रिक माहिती असे लेखी पेपर असतात, पास व्हायला सत्तर टक्के लागतात. रेडिओवर बोलण्याची परीक्षा वेगळी. आणि दोनशे तासांचं प्रत्यक्ष उड्डाण.

हे उड्डाण फ्लाइंग स्कूलमध्ये होतं. उत्तर प्रदेशात अमेठी जिल्ह्यातल्या फुरसतगंजला सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी आहे, तिथे प्रवेश परीक्षा देऊन जावं लागतं. आपल्याकडे गोंदियाजवळ बिरसी, बारामती आणि धुळे इथे प्रशिक्षण चालतं. सरकारी अकादमीतही फी पंचेचाळीस लाखांच्या घरात जाते. खासगी ठिकाणी राहणं-खाणं धरलं तर पन्नास लाखांच्या वर हिशेब जातो. बरेच जण परदेशात जाऊन तास पूर्ण करतात, त्यांना परत येऊन इथलं लायसन्स करून घ्यावं लागतं.

इथपर्यंतची माहिती कुठलाही एजंट तुम्हाला देईल, चकचकीत पुस्तिकेसह. पुढची तो देत नाही.

दोनशे तासांचा पायलट आणि रिकामी खुर्ची

लायसन्स हातात आलं तेव्हा मुलाने किंवा मुलीने उड्डाण केलेलं असतं ते मुख्यतः दोन-चार आसनी छोट्या विमानावर. विमान कंपनीचं विमान असतं एअरबस किंवा एटीआर. ते चालवायला त्या विशिष्ट विमानाचं वेगळं प्रशिक्षण लागतं, त्याला टाइप रेटिंग म्हणतात. त्याचा खर्च पुन्हा पंधरा-वीस लाखांच्या आसपास. काही कंपन्या निवड करून हे प्रशिक्षण देतात आणि त्याबदल्यात बाँड लिहून घेतात. काही ठिकाणी उमेदवारालाच पैसे भरावे लागतात. आणि स्वतःच्या पैशाने टाइप रेटिंग केलं म्हणून नोकरी मिळेलच, असं लिहून कोणी देत नाही.

आता अब्बांच्या वर्तमानपत्राकडे या. पायलट कमी पडले ही बातमी खोटी नव्हती. साप्ताहिक विश्रांती छत्तीस तासांवरून अठ्ठेचाळीस तास झाली, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली, म्हणजे तेवढ्याच विमानांना जास्त पायलट लागले. पण ते पायलट कुठले हवे होते? उद्या सकाळी एअरबसमध्ये बसून उड्डाण करू शकणारे. त्यातही कॅप्टन. कॅप्टन व्हायला वेगळं लायसन्स लागतं, ज्यासाठी किमान दीड हजार तासांचं उड्डाण हवं, आणि कंपन्या बहुतेक वेळा त्याहून जास्त मागतात. दोनशे तासांची नवी मुलगी ती रिकामी खुर्ची भरू शकत नाही.

आमच्या शिक्षण खात्यातलं उदाहरण देते. मुख्याध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत म्हणून नुकत्याच बीएड झालेल्याला मुख्याध्यापक करत नाहीत. त्याला आधी शिक्षकाची जागा मिळावी लागते, आणि तिथे रांग असते. पायलटांचं तसंच आहे. टंचाई वरच्या पायरीवर आणि गर्दी खालच्या पायरीवर. २०२३ या एका वर्षात डीजीसीएने १,६२२ कमर्शियल लायसन्स दिली. त्याच वर्षी एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली, आणि फ्लाइंग स्कूलच्या जाहिरातींत हे आकडे मोठ्या अक्षरांत आले. पण ही विमानं एका दिवसात येत नाहीत. ती दहा-दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने येतात, आणि मध्येच इंजिनांची अडचण आली की उशीर होतो. लायसन्स मिळालेली मुलं मात्र याच वर्षी दारात उभी असतात.

छोटी विमान कंपनी : पहिली पायरी

मोठ्या कंपनीत लगेच नंबर लागला नाही तर मुलं प्रादेशिक कंपन्यांकडे वळतात. म्हणजे जळगाव, सिंधुदुर्ग, नांदेड, बेळगाव, हुबळी अशा गावांना जोडणाऱ्या. सरकारी मालकीची अलायन्स एअर, कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर, गोव्यातली फ्लाय९१ या आजच्या ठळक कंपन्या. इंडिगोकडेही छोट्या मार्गांसाठी एटीआर विमानं आहेत.

छोट्या कंपनीचे फायदे खरे आहेत. उड्डाणं लहान, त्यामुळे दिवसात उतरणं-चढणं जास्त, हात लवकर बसतो. पाऊस, धुकं, छोटी धावपट्टी, सगळं शिकायला मिळतं. दोन पायलटांच्या विमानावरचे तास जमा होतात, ते पुढे मोजले जातात. कंपनी वाढत असेल तर कॅप्टनची पाळीही लवकर येऊ शकते.

पण अम्मींचा प्रश्न होता पक्क्या नोकरीचा. त्यासाठी आपल्या जळगावच्या विमानतळाचीच गोष्ट पुरे.

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१६ मध्ये उडान योजना जाहीर केली. तासाभराच्या उड्डाणाच्या काही जागा अडीच हजार रुपयांत द्यायच्या आणि कंपनीला पडणारा तोटा सरकारने तीन वर्षं भरून द्यायचा, अशी ती योजना. डिसेंबर २०१७ मध्ये जळगाव-मुंबई विमान सुरू झालं, एअर डेक्कनचं, वीसच्या आत माणसं बसतील असं. गावात पेढे वाटले गेले. ते नीट चाललं नाही, आणि एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनमध्ये कंपनीने कामकाज थांबवून कर्मचाऱ्यांना बिनपगारी घरी बसवलं. २०१९ मध्ये ट्रूजेट आली. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिचीही विमानं थांबली. मग दोन वर्षं विमानतळ जवळजवळ शांत. २०२४ मध्ये फ्लाय९१ आणि अलायन्स एअर आल्या.

प्रवाशाला याचा त्रास एवढाच की मुंबईला पुन्हा रेल्वेने जावं लागलं. पण त्या विमानात पुढे बसणाऱ्या मुलांचं काय झालं असेल, हा विचार आपण केला नाही.

हे फक्त जळगावचं नाही. कॅगने २०२३ च्या अहवालात उडानच्या पहिल्या तीन फेऱ्यांचा हिशेब मांडला आहे. ७७४ मार्ग कंपन्यांना दिले गेले, त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यातले तीन वर्षांची मुदत पूर्ण केली ११२ मार्गांनी. आणि सरकारी मदत संपल्यावर मार्च २०२३ पर्यंत चालू राहिले ते ५४. ज्या कंपनीचा धंदाच अशा मार्गांवर उभा आहे, तिथली नोकरी त्या मदतीइतकीच पक्की समजायची. २०२५ च्या अर्थसंकल्पात ही योजना पुढची दहा वर्षं १२० नव्या ठिकाणी नेण्याचं जाहीर झालं आहे. म्हणजे नोकऱ्या निघतील. पण त्या टिकतील का, हे प्रत्येक मार्गावर वेगळं ठरेल.

मोठी कंपनी म्हणजे सुरक्षित, असंही नाही. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये बंद पडली. तिन्ही घराघरांत माहीत असलेली नावं होती. आणि सरकारी म्हणून ज्या अलायन्स एअरकडे पालक आशेने पाहतात, तिथेही पायलटांची भरती मुख्यतः ठरावीक वर्षांच्या करारावर होते. आपल्या मनातली सरकारी नोकरी, पेन्शनवाली, ती ही नव्हे.

एका विद्यार्थ्याची चार वर्षं

ज्या विद्यार्थ्याशी बोलले त्याने नाव छापायची इजाजत दिली नाही, कंपनीचंही मी सांगत नाही. लायसन्स मिळाल्यावर तो दीड वर्ष घरी होता. शेजारी विचारायचे, "पायलटसाहेब, विमान कुठे ठेवलंय?" मग एका छोट्या कंपनीत लागला. पहिले काही महिने प्रशिक्षणाचे, पगार नावापुरता. मग नियमित उड्डाण सुरू झालं आणि घरात ईद झाली. वर्षभरात पगार उशिरा यायला लागला. आधी दहा दिवस, मग महिना, मग अर्धा. एक दिवस व्हॉट्सॲपवर निरोप आला की पुढची सूचना येईपर्यंत उड्डाणं बंद.

"मॅडम, पगार थांबला ते समजू शकतो," तो म्हणाला. "पण लायसन्स थांबत नाही ना." त्याचा अर्थ मला तेव्हा कळला. पायलटची वैद्यकीय तपासणी वर्षाला करावी लागते. इन्स्ट्रुमेंट रेटिंग दरवर्षी नवं करावं लागतं, त्यासाठी सिम्युलेटर किंवा विमानाचे तास विकत घ्यावे लागतात. उड्डाण नसलं की हात सुटतो आणि कागदही जुने होतात. घरी बसलेल्या शिक्षकाचं बीएड शिळं होत नाही. पायलटचं होतं. त्यात त्याचं टाइप रेटिंग एटीआरचं. एअरबसवाल्या कंपनीला ते चालत नाही, पुन्हा नवं करा. त्याने एका फ्लाइंग स्कूलमध्ये मुलांना लेखी पेपर शिकवून दोन वर्षं काढली. आज तो मोठ्या कंपनीत आहे, खूश आहे. पण बहिणीचं लग्न त्या चार वर्षांत दोनदा पुढे ढकललं गेलं, हे त्याने स्वतःहून सांगितलं.

पैशाचा हिशेब

मी भाषेची शिक्षिका, पण हा हिशेब पाटीवर मांडूनच पाहावा. समजा पन्नास लाखांचं कर्ज, अकरा टक्के व्याज, दहा वर्षं. महिन्याचा हप्ता येतो जवळपास ६९ हजार, आणि परतफेड होते ८२ लाखांच्या वर. त्यासाठी बँक घर किंवा जमीन तारण मागते. छोट्या कंपनीतल्या नव्या फर्स्ट ऑफिसरला ढोबळमानाने महिना लाख-दीड लाख मिळतात, आणि त्यातला मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर अवलंबून असतो. विमान दुरुस्तीला उभं राहिलं की पगारही उभा राहतो. हप्ता मात्र पाच तारखेला येतोच.

आपल्या अनेक घरांत व्याजाचं कर्ज नको म्हणून जमीन किंवा दागिने विकले जातात. त्याचा मसला आलिमांना विचारा, तो माझा विषय नाही. माझं म्हणणं एवढंच की जमीन विकली म्हणजे हप्ता नाही हे खरं, पण परत यायला शेतही नाही. अल्पसंख्याकांसाठी महामंडळाच्या शैक्षणिक कर्जयोजना आहेत, जरूर चौकशी करा. पण पायलटचा पूर्ण खर्च त्यातून निघेल या भरवशावर प्रवेश घेऊ नका.

मग मुलांना थांबवायचं का?

नाही. भारतात महिला पायलटांचं प्रमाण सुमारे पंधरा टक्के आहे, जगाच्या सरासरीच्या तिपटीच्या आसपास. हैदराबादच्या जुन्या शहरातल्या एका बेकरी कामगाराची मुलगी, सय्यदा सल्वा फातिमा, उर्दू घरातून येऊन पायलट झाली. पण तिच्या मागे समाजातली माणसं उभी राहिली, पुढच्या प्रशिक्षणाला तेलंगणा सरकारने पैसे दिले, आणि त्या सगळ्याला बरीच वर्षं लागली. हिंमतीच्या जोडीला मदत होती आणि सबुरी होती. आपण गोष्ट सांगताना हिंमत सांगतो, बाकीचं विसरतो.

म्हणून त्या अब्बा-अम्मींना मी जे सांगितलं ते असं.

पहिलं, एकही रुपया भरण्याआधी मुलीची क्लास टू आणि मग क्लास वन वैद्यकीय तपासणी करून घ्या. रंग ओळखण्यात दोष निघाला किंवा दुसरी अडचण आली तर ती आज कळावी, वीस लाख भरल्यावर नाही.

दुसरं, लेखी पेपर आधी द्या. अभ्यास घरी राहूनही करता येतो, खर्च त्यामानाने फार कमी. पेपर निघाले तर मुलीची तयारी कळेल, तिलाही आणि तुम्हालाही.

तिसरं, मोठ्या कंपन्यांच्या कॅडेट योजना आणि फुरसतगंजची प्रवेश परीक्षा यांचा प्रयत्न आधी करा. कॅडेट योजना महाग असते, पण नोकरीची वाट त्यात बरीचशी आखलेली असते. तरी 'नोकरी देऊ' आणि 'नोकरीसाठी विचार करू' यातला फरक करारात वाचा. इंग्रजी करार कळत नसेल तर वकिलाला दाखवा.

चौथं, फ्लाइंग स्कूल निवडताना इमारत पाहू नका. आज उडणारी विमानं किती, शिक्षक किती, मागच्या मुलांचे दोनशे तास किती महिन्यांत झाले, हे तिथल्या मुलांना विचारा. डीजीसीए आता या संस्थांची श्रेणी वर्षातून दोनदा लावते. ऑक्टोबर २०२५ च्या पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था नव्हती, हे लक्षात ठेवा. पूर्ण फी एकरकमी भरू नका.

पाचवं, छोट्या कंपनीत नोकरी मिळाली तर जरूर घ्या, पण आधी विचारा. बाँड किती वर्षांचा? कंपनीच बंद पडली तर बाँडच्या रकमेचं काय? कोरे चेक मागतात का? उड्डाण नसलं तर किमान पगार किती? विमानं किती आणि त्यातली चालू किती?

सहावं, सोबत पदवी करा. मुक्त विद्यापीठातून केली तरी चालेल. ज्या वर्षी विमान जमिनीवर असेल त्या वर्षी ती उपयोगी पडेल.

आणि सातवं, खर्चाच्या हिशेबात लायसन्स मिळाल्यानंतरची दोन वर्षं धरा. रिकामी. त्या दोन वर्षांचा घरखर्च आणि लायसन्स जिवंत ठेवण्याचा खर्च बाजूला काढता येत असेल तरच पुढे जा.

शेवटी अम्मींकडे वळून म्हणाले, "भाभी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. पक्की नसते. पण आज पक्की कुठली असते, हेही खरं. फरक एवढाच की बाकी ठिकाणी नोकरी गेली तर नोकरीच जाते. इथे त्याआधी शेत गेलेलं असतं. आणि त्या शेतात तिघांचा हिस्सा आहे."

अब्बा बराच वेळ काही बोलले नाहीत. बोलली ती मुलगीच. ती त्या दिवशी सोबत आली होती, दाराजवळच्या खुर्चीवर बसून वहीत सगळं लिहून घेत होती. "अब्बा, आधी मेडिकल आणि पेपर. शेताचं नंतर बघू."

जानेवारीत तिची पहिली तपासणी आहे. बारावीच्या परीक्षेनंतर लेखी पेपरचा अभ्यास सुरू करणार आहे. दोन एकर अजून त्यांच्याच नावावर आहेत, आणि केळी कापणीला आलीय. दुआ करा.